अवजारांचें बिऱ्हाड

चाळीच्या दोन खोल्यांत आठ माणसें नांदावयाचीं म्हणजे पळी कोठें, अडकित्ता कोठें, पंचांग कोठें, हें ठरलेलें असावें लागतें. गिरगांवांतील वाचकांस हें आम्हीं सांगावयास नको. परंतु त्याच घरांतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी संगणकावर प्रोग्रॅमिंगचीं साधनें बसवितांना हा गृहधर्म साफ विसरतात. ‘डिस्क आतां स्वस्त आहे’ हें त्यांचें उत्तर. जागा स्वस्त झाली म्हणून वस्तु कोणाची, ती टाकली तर कोणाचें अडेल, हे प्रश्न कांहीं सुटत नाहींत.

लिनक्समध्यें याची सोय मुळांतच आहे. कोणत्या डिरेक्टरींत काय असावें याचा संकेत १९९४ सालींच लेखी झाला, त्याची ३.० ही आवृत्ति २०१५ सालीं निघाली. ‘यूएसआर’ ही प्रणालीची स्वतःची कोठी. तींत ठेव-काढ पॅकेज मॅनेजरनेंच करावी. मालकानें स्वतः बसविलेल्या वस्तूंस तिच्याच पोटांत ‘लोकल’ हा निराळा कोनाडा, आणि मोठ्या स्वयंपूर्ण संचांस ‘ऑप्ट’.

पायथॉनच्या बाबतींत हा विवेक सुटला कीं अनर्थ होतो. दादरच्या एका घरीं धाकट्यानें ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानें, एक नवी लायब्ररी बसविली. तिच्यासरशी दुसरी एक परस्पर बदलली, आणि थोरल्या बहिणीचा प्रकल्प सादर करावयाच्या आदल्या रात्रीं चालेनासा झाला. मुलाचा हेतु वाईट नव्हता. पण सामायिक डब्यांत हात घालण्यापूर्वीं घरांत विचारावें लागतें! २०२३ सालच्या डेबियन १२ पासून तर ‘पिप’नें अशी ढवळाढवळ करूं म्हटल्यास प्रणालीच प्रथम नकार देते. प्रत्येक प्रकल्पासाठीं ‘व्हेन्व्ह’चें वेगळें बिऱ्हाड मांडावें. काम संपल्यावर ती एक डिरेक्टरी पुसली म्हणजे तींतल्या लायब्ऱ्यांचा पसाराहि गेला. मात्र तें बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेऊं नये. आंत जुना पत्ता लिहिलेला असतो. नव्या जागीं नवेंच मांडावें.

‘रस्ट’ भाषेचा संसार ‘डॉट कार्गो’ व ‘डॉट रस्टअप’ या दोन डिरेक्टऱ्यांत थाटला जातो. नांवाच्या आरंभीं टिंब असल्यामुळें त्या साध्या यादींत दिसत नाहींत. त्या अन्यत्र हव्या असल्यास ‘कार्गो होम’ व ‘रस्टअप होम’ हीं एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलें बसविण्यापूर्वींच ठरवावीं. शिवाय ‘पाथ’मध्यें एक डिरेक्टरी वाढते. एकाच नांवाचे दोन प्रोग्रॅम असले तर त्या यादींत ज्याची डिरेक्टरी आधीं, तो चालतो. निम्मे घोटाळे येथलेच.

संगणकाशेजारीं एक वही ठेवावी. कोणतें साधन, कोणीं, केव्हां, कोठें बसविलें आणि ‘पाथ’मध्यें काय वाढलें, हें तींत लिहावें. काढून टाकण्याची आज्ञाहि त्याच दिवशीं टिपावी. रस्टची ‘रस्टअप सेल्फ अनइन्स्टॉल’ अशी आहे.