कारखाना गेला, स्टेशन एकटं राहिलं



चौथीच्या वर्गात वाहतुकीचा पाठ चालू होता. मी म्हटलं, "स्टेशन आलं की गाव वाढतं." एक मुलगा पटकन म्हणाला, "मॅडम, आणि कंपनीच बंद पडली तर?" त्याच्या वडिलांची कंपनी गेल्याच वर्षी बंद पडली होती. मग पुस्तक बाजूला ठेवून मी वर्गाला स्कॉटलंडमधल्या दोन स्टेशनांची गोष्ट सांगितली.

पहिलं स्टेशन ग्रीनॉकचं. तिथे 1951 मध्ये आयबीएम कंपनी आली. पुढे तिथे कॉम्प्युटर तयार होऊ लागले. कामगारांसाठी 1978 मध्ये रेल्वेचा खास थांबा झाला. एकच फलाट, आणि नावही 'आयबीएम हॉल्ट'! कामाच्या वेळेला तिथे गर्दी असायची. पुढे काम घटलं, कारखाना उठला, इमारती पाडल्या गेल्या. फलाटाची वाट कारखान्याच्या आवारातूनच होती, मग उतरणार कोण? डिसेंबर 2018 पासून तिथे गाडी थांबत नाही. रूळ आहेत, गाड्याही धावतात, पण त्या न थांबता पुढे जातात.

दुसरं स्टेशन क्लाइडबँकचं. आजीच्या घरातलं पायाने चालवायचं शिलाई मशीन आठवतं ना? त्याच सिंगर कंपनीचा तिथे प्रचंड मोठा कारखाना होता. 1907 पासून स्टेशनचं नावही 'सिंगर'. तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला. स्टेशन मात्र आजही चालू आहे, त्याच नावाने! कारण ते भरवस्तीत आहे. कामगार गेले तरी शाळेची मुलं, बाजारहाट करणारी माणसं तिथून चढतात-उतरतात.

माझं मत स्पष्ट आहे. जे फक्त एकाच कंपनीसाठी उभं राहतं, ते कंपनीबरोबरच संपतं. रस्ता असो, बस थांबा असो, तो गावालाही जोडलेला हवा.

आणि शिक्षणाचंही तेच आहे. पालकसभेत पालक म्हणतात, "मॅडम, लिहिता-वाचता आलं की बास, कंपनीत चिकटेल." त्यांची काळजी खोटी नाही, घर पगारावरच चालतं. पण एका गेटपुरतंच शिकलेलं पोर, ते गेट बंद झाल्यावर कुठे जाणार? त्याला प्रश्न विचारता यायला हवेत, नवं काम शिकता यायला हवं.

गोष्ट संपल्यावर तो मुलगा म्हणाला, "मग आपण सिंगरसारखं व्हायचं." मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही.