मोंबासा : किनाऱ्यामागचे शहर

मोंबासाचे नाव निघाले की माडांची रांग, पांढरी वाळू आणि समुद्रकाठची आलिशान हॉटेले डोळ्यांसमोर येतात. पण विमानतळावरून थेट न्याली किंवा डियानीचा किनारा गाठणारा पाहुणा केनियातले हे शहर न पाहताच परततो, असे आम्हाला वाटते.

१३३१ साली इब्ने बतूता या बेटावर एक रात्र मुक्कामाला होता. लोक शाफई पंथाचे (आपल्या कोकणातल्यासारखेच!), मशिदी लाकडी पण भक्कम. प्रत्येक मशिदीच्या दाराशी विहीर. येणारा पाय धुणार, जाड चटईवर पुसणार, मगच आत पाऊल टाकणार. केळी आणि मासळी हे रोजचे जेवण. एवढ्या थोड्या वेळात त्याने नेमके काय टिपले, पाहा!

पुढे पोर्तुगीज आले. १५०५ मध्ये त्यांनी शहर लुटले, जाळले. नंतरही हल्ले झालेच. १५९३ मध्ये त्यांनी फोर्ट जीझस बांधायला घेतला. त्याचे हुकूम सुटत ते गोव्याहून, आणि मदतही तिथूनच येई. १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी या किल्ल्याला वेढा घातला. तो पावणेतीन वर्षे चालला. आत उपासमार आणि रोगराईने माणसे मेली. अखेरीस गोव्याची गलबते पोहोचली, तेव्हा किल्ल्यावर ओमानचे निशाण होते. इंग्रजांनी तिथे तुरुंग केला. आज संग्रहालय आहे.

किल्ल्याला लागूनच जुने शहर आहे. अरुंद गल्ल्या, कोरीव दरवाजे, सोळाव्या शतकातली मंधरी मशीद. ते मात्र आता जपावे लागते आहे. जुनी घरे पाडून काँक्रीटचे मजले चढतात, आणि गेलेला दरवाजा परत येत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांची जेवढी जाहिरात होते, त्याच्या चौथाईनेही या गल्ल्यांची होत नाही.

भाषेचे म्हणाल तर स्वाहिलीत आपल्याला परके वाटायचे कारण नाही. किताबू, रफिकी, वकाती, दुका, चपाती. अर्थ सांगायला हवा का? कोकणातून गेलेली मुस्लिम कुटुंबेही तिथे नांदतात.

कधी जाणे झाले तर सकाळी जुन्या शहरात 'महामरी' मागा. नावाने दचकू नका. वेलची आणि नारळाचे दूध घालून तळलेली ती फुगीर पोळी असते, आणि सोबत नारळाच्या रसातली तूर.