परदेशचें ध्वनितंत्र आणि घरचा कान

संगीत-तंत्रज्ञान शिकण्यासाठीं इंग्लंड-अमेरिकेच्या विद्यापीठांकडे अर्ज धाडणारे विद्यार्थी पुण्यांत हल्लीं आढळूं लागले आहेत. त्यांच्या जाण्यास आमची हरकत नाहीं. आमचा आक्षेप आहे तो अर्जावर. अर्जासोबत बहुधा स्वतःच्या ध्वनिमुद्रित कृति पाठवाव्या लागतात. त्या तेथल्याच तयार सुरावटींच्या नकला असाव्यात, असा सल्ला मध्यस्थ देतात आणि आईबाप पैसे मोजून तो घेतात. ज्याचा माल त्यालाच विकण्यासाठीं कर्ज काढून साता समुद्रांपार कां जावें?

‘आपल्याकडे या विद्येची परंपराच नाहीं,’ हें त्यावरचें ठराविक उत्तर. तें निव्वळ अज्ञान होय. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, अब्दुल करीम खांसाहेबांच्या गायनाच्या आधारें श्रुति पारखल्या; आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्यानें त्या श्रुतींची पेटी करविली. १९१६ च्या बडोदें येथील परिषदेंत त्यांच्या मतांवर वाद माजला. देवल चुकलेही असतील. पण प्रश्न त्यांचा स्वतःचा होता.

तो प्रश्न आजही जिवंत आहे. संगणकावरची स्वरपट्टी सामान्यतः बारा समान भागांचीच असते. दरबारीचा आंदोलित गांधार तींत मावत नाहीं. तो कसा मावेल, हें शोधण्यास जो जाईल, त्याच्यासाठीं घर गहाण पडलें तरी आम्ही दोष देणार नाहीं. म्हणून फी भरण्यापूर्वीं आईबापांनीं मुलाला एवढेंच विचारावें: तुला तेथें काय शोधावयाचें आहे?