रविवारी येते हं!

दसरा-दिवाळीच्या सुमारास वसतिगृहाच्या फाटकाशी दरवर्षी तेच दृश्य दिसते. पत्र्याची पेटी उतरते, आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते, "रविवारी येते हं" म्हणते आणि वळते. रविवार येतो, आई येत नाही. ती उसाच्या फडावर असते, नाही तर तमाशाच्या. आपल्या भाषेत दोन्ही फडच! शाहीर बशीर मोमीन यांच्या कवठे येमाईत हे हंगाम कोणाला समजावून सांगायला नकोत. दसऱ्याला निघालेला तमाशा बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परततो. ऊसतोडीची टोळी कारखान्याचा पट्टा पडल्यावर.

मी ढोलकीवाल्याचा मुलगा. तो रविवार मीही मोजला आहे. वडील गेले याचे दुःख होतेच. पण आपल्या हातून काही चुकले म्हणून आपल्याला येथे ठेवले, अशी माझी समजूत झाली होती आणि ती कोणीच दूर केली नाही. कारण मी ती कधी बोललोच नाही. सात वर्षांच्या मुलाजवळ त्यासाठी शब्द नसतात.

ते शब्द चित्रांच्या पुस्तकातून मिळू शकतात, असे माझे मत आहे. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' मला फार आवडते. मात्र तेथे आई, बाबा, आजी, आजोबा सारे एका घरात आहेत. फडावरच्या आईबापांचे मूल त्या घरात पाहुणा म्हणूनच शिरते. ऑस्ट्रेलियाच्या शॉन टॅन यांचे 'द अरायव्हल' (२००६) मात्र पत्नी आणि लहान मुलीला मागे ठेवून परक्या मुलखात कामाला निघालेल्या बापापासून सुरू होते. पुस्तकात मजकूर नाही, त्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही ते वाचू शकते.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेतलेल्या भव्य तथागतांसमोर यशोधरा छोट्या राहुलला घेऊन उभी आहे. त्याच लेण्यात विश्वंतर जातक आहे. त्यातील मुले तर दान दिली जातात. वियोग लहानांपासून लपवावा, असे त्या चित्रकारांना वाटलेले दिसत नाही. आपण राहुलचे चित्र भिंतीवर लावतो, हार घालतो. त्यापुढे बसून मुलांशी बोलत मात्र नाही.

"रडणारे पोर आणखी कशाला रडवायचे?" असे पालक विचारतील. रडेल, हे खरे. पण "तुझी आई कुठे आहे?" या प्रश्नाला मान खाली घालणारे मूल "या राहुलला काय वाटत असेल?" असे विचारले की बोलू लागते. राहुलच्या आडून ते स्वतःचेच सांगते. शिक्षकाने तेवढे ऐकावे. लगेच समजूत घालू नये.

आपल्या ग्रंथालयात अशा पुस्तकांचा एक कप्पा असावा. नसलेली पुस्तके मुलांनीच करावीत: कोपी, बैलगाडी, फडाचा ट्रक, राहुटी, मागे राहिलेली आजी. पालकांनी निघताना मुलाजवळ बसून एक पान आपल्या हाताने काढावे, चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. त्यावर परतण्याचा खरा महिना लिहावा. रविवार लिहू नये.