हाकेचे नाव, कागदावरचे नाव

झुंपा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ (2003) ही कादंबरी अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या एका स्वयंपाकघरात उघडते. 1968 चा ऑगस्ट. दिवस भरत आलेली आशिमा गांगुली वाडग्यात राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि चिरलेला कांदा कालवते, वर लिंबू पिळते, मिरची घालते. कोलकात्याच्या फुटपाथवर पुडीत मिळणाऱ्या खाऊची चव तिला हवी आहे. मोहरीचे तेल घरात नाही. चाखून बघताना तिच्या कपाळाला आठी पडते.

1965 च्या कायद्याने अमेरिकेने देशवार कोटा रद्द केला आणि शिकलेल्या आशियाई माणसांना वाट मिळाली. त्या लाटेत मराठी कुटुंबेही गेली. लाहिरी त्याच पिढीच्या कन्या; जन्म लंडनचा, बालपण ऱ्होड आयलंडचे.

आज पुण्यामुंबईहून चकल्यांचे डबे कुरियरने परदेशी पोचतात. आशिमाच्या काळी सगळी भिस्त टपालावर होती. बाळाचे नाव तिची आजी ठेवणार. तसे पत्र निघते आणि वाटेत हरवते. इकडे जन्मदाखल्यावर नाव लागल्याशिवाय हॉस्पिटल बाळाला घरी सोडत नाही. बंगाल्यांत नावे दोन: घरच्यांनी हाक मारायचे ‘डाकनाम’ आणि चारचौघांतले ‘भालोनाम’. पाळण्यातले नाव आणि घरचे लाडाचे नाव वेगळे असणे मराठी वाचकालाही नवे नाही. बाप अशोक तात्पुरते म्हणून ‘गोगोल’ लिहून देतो आणि हाकेचे नाव कागदावर चढते. पुढे शाळेत ‘निखिल’ लावायचा प्रयत्न होतो, पण पोर त्या नावाला ओच देत नाही. अठराव्या वर्षी मात्र तोच मुलगा कोर्टात जाऊन निखिल होतो. रशियन लेखक गोगोल याच्या कथांचे पुस्तक हातात होते म्हणून बाप 1961 च्या रेल्वे अपघातातून वाचला होता, हे त्याला फार उशिरा कळते. टाकलेले नाव बापाच्या जगण्याची खूण होती, हे कळण्याचे दुःख लाहिरी आवाज न चढवता लिहितात. कादंबरीतला सर्वांत हलवून टाकणारा भाग तोच.

अशा दोन देशांमध्ये जगणाऱ्या माणसांना ‘त्रिशंकू’ म्हणायची आपल्याकडे रीत आहे. आशिमाला तो शब्द लागू पडत नाही. त्रिशंकूला दुसऱ्यांनी लटकवले; आशिमा नवऱ्याच्या पश्चात सहा महिने इथे, सहा महिने तिथे राहायचे स्वतः ठरवते. तिच्या नावाचा अर्थच सीमा नसलेली. मुलापेक्षा आईचे उत्तर अधिक खंबीर आहे, आणि समीक्षेत त्याकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

खुद्द लाहिरी 2012 मध्ये रोमला गेल्या आणि इटालियनमध्ये लिहू लागल्या. बंगाली आईबापांची, इंग्रजी शाळेची. ही तिसरी भाषा त्यांनी आपणहून निवडली. तिच्यात लिहिलेली ‘दोवे मी त्रोवो’ (2018) त्यांनी स्वतःच 2021 मध्ये इंग्रजीत आणली. या कादंबरीतल्या निवेदिकेला नाव नाही, आणि ती राहते त्या शहरालाही.