चेंडूला खोली, माणसाला शेड

इंग्लंडमध्ये ज्याच्या घरामागे बाग आहे, त्या वर्गाला सध्या एका नव्या हौसेने पछाडले आहे. बागेच्या टोकाला लाकडी, उबदार खोली उभारायची, आत पडदा ताणायचा आणि बाहेर पाऊस कोसळत असताना आत गोल्फ खेळायचा. 2020 च्या टाळेबंदीत माणसे घरात अडकली तेव्हा या 'गार्डन रूम'ची मागणी वाढली. आधी ऑफिससाठी, मग व्यायामासाठी आणि आता गोल्फच्या सिम्युलेटरसाठी. श्रीमंतांचे चोचले म्हणून हा विषय कुणीही झटकून टाकेल. परंतु या खोलीची उंची, तिचे क्षेत्रफळ आणि तिच्याकडे पाहण्याची कायद्याची नजर यांत घराच्या प्रश्नाचे अख्खे राजकारण दडलेले आहे.

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. खेळणारा खऱ्या काठीने खरा चेंडू मारतो. चेंडू काही फुटांवरच्या जाड पडद्यावर आदळून खाली पडतो. तेवढ्या क्षणात रडार किंवा अतिवेगवान कॅमेरा चेंडूचा वेग, उडण्याचा कोन आणि फिरकी मोजतो. संगणक हिशेब करतो आणि प्रोजेक्टर पडद्यावर दाखवतो की चेंडू दोनशे मीटर लांब हिरवळीवर पडला. रडार खेळाडूच्या मागे ठेवावे लागते, म्हणून त्याला लांब खोली लागते. कॅमेऱ्याचे यंत्र चेंडूच्या बाजूला बसते, त्याचे थोडक्यात भागते. पण उंचीला सुटका नाही. 'ड्रायव्हर' ही सर्वांत लांब काठी डोक्यावरून फिरते, त्यामुळे उंच माणसाला छत पावणेतीन ते तीन मीटरवर लागते. डावखुरा पाहुणाही मधोमध उभा राहून खेळावा असे वाटत असेल तर रुंदी साडेचार मीटर धरावी. लांबी सहा मीटर. म्हणजे खोली झाली 27 चौरस मीटरची. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

आता कायदा काय म्हणतो? इंग्लंडमध्ये 'परमिटेड डेव्हलपमेंट' नावाची सोय आहे. ठरावीक मर्यादेतले बांधकाम असेल तर कौन्सिलकडे परवानगीचा अर्ज करावा लागत नाही. 2015 च्या आदेशातील 'क्लास ई' या कलमाखाली घरमालक आपल्या आवारात जोडखोली बांधू शकतो. ती एकमजली असावी, घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे येऊ नये, आणि अशा सगळ्या बांधकामांनी मूळ घराभोवतीची निम्म्याहून जास्त जागा व्यापू नये. हद्दीपासून दोन मीटरच्या आत बांधली तर एकूण उंची अडीच मीटरच्या वर जाता कामा नये. ही सवलत स्वतंत्र घरांना आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला नाही.

इथे गोल्फवाल्याची पंचाईत होते. त्याला तीन मीटर हवेत आणि कुंपणालगत कायदा देतो अडीच, तेही छताच्या जाडीसकट. मग हद्दीपासून लांब सरकावे, तर छोटी बाग मधोमध चिरली जाते. यावर बांधणाऱ्यांनी तोड काढली आहे. उंची जमिनीच्या पातळीपासून मोजली जाते ना? मग जमीनच खणायची! पाया खाली न्यायचा, दोन पायऱ्या उतरून आत शिरायचे. बाहेरून उंची कायद्याची, आतून गोल्फची. ओल येऊ नये म्हणून भिंतींना जलरोधक थर आणि पाण्याचा निचरा करावा लागतो, खर्च वाढतो, पण खोली नियमात बसते. चेंडूला आकाश मिळावे म्हणून माणसे एवढी धडपड करतात.

आणि आता मुद्दा. 'क्लास ई'ची मूळ अट अशी की खोलीचा वापर घराच्या उपभोगाला 'पूरक' असला पाहिजे. पूरक म्हणजे काय यावर तिथल्या न्यायालयांत बराच खल झाला. 1989 च्या एमिन खटल्यात विषय छंदासाठी बांधायच्या जोडइमारतींचा होता. न्यायालयाने सांगितले की केवळ आकार पाहून निकाल देता येणार नाही, तो छंद त्या घराच्या संदर्भात वाजवी आहे का हे पाहावे. पुढे एका घरात 44 कुत्री पाळली गेली, तेव्हा अपील न्यायालयाला सांगावे लागले की हे काही पूरक नव्हे. गोल्फची खोली या कसोटीत सहज बसते. पण त्याच खोलीत कुणी रोज झोपायला लागला तर? सरकारच्या तांत्रिक मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे की झोपण्याची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर असा मुख्य निवासाचा वापर 'पूरक' धरला जात नाही. इमारतीच्या सुरक्षेचे नियमही तसेच. 30 चौरस मीटरपर्यंतची जोडखोली हद्दीपासून मीटरभर लांब असेल किंवा न जळणाऱ्या साहित्याची असेल तर तपासणीतून सुटते, मात्र आत झोपण्याची सोय नसावी.

म्हणजे छंद पूरक आणि झोप बेकायदा!

हा नियम मूर्खपणाचा आहे असे मी म्हणत नाही. त्यामागे कारण आहे, आणि ते कारण आपल्याच माणसांच्या जिवाशी निगडित आहे. लंडनच्या पश्चिमेला साउथॉल, स्लाव या भागांत परसातल्या शेडमध्ये माणसे भाड्याने ठेवण्याचा धंदा फोफावला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला 'बेड्स इन शेड्स' असे यमक जुळवून नाव दिले. तिथे राहणारे बहुतेक स्थलांतरित, त्यांत पंजाबातून आणि दक्षिण आशियाच्या इतर भागांतून आलेले मजूर. ओल, उघड्या वायरी, एकच दार. आग लागली तर पळायला वाट नाही. स्लाव कौन्सिलने 2013 साली उष्णता टिपणारा कॅमेरा लावून विमान फिरवले आणि संशय यावा अशी सहा हजारांवर बांधकामे नोंदवली. घरमालकाला दंड व्हायलाच हवा. पण शेड पाडल्यावर त्यातला माणूस कुठे गेला? विमानाच्या कॅमेऱ्यात छताची उष्णता दिसते, भाडेकरूचा पुढचा पत्ता दिसत नाही.

बरे, झोपण्याच्या जागेबाबत हे राज्य इतके काटेकोर आहे म्हणावे, तर तसेही नाही. 2013 पासून जुनी ऑफिसे घरांत बदलायला याच 'परमिटेड डेव्हलपमेंट'ची वाट मोकळी केली गेली. हार्लो गावात टर्मिनस हाऊस नावाची ऑफिसची उंच इमारत आहे. तिच्यात फ्लॅट पाडले आणि लंडनच्या कौन्सिलांनी आपली बेघर कुटुंबे तिथे पाठवली. त्यातले काही फ्लॅट 18 चौरस मीटरचे. 2015 च्या राष्ट्रीय मानकानुसार एका माणसाच्या घराला किमान 37 चौरस मीटर लागतात, पण या वाटेने आलेल्या घरांना ते मानक लागूच नव्हते. प्रत्येक खोलीत पुरेसा उजेड असावा ही अट आली 2020 साली आणि जागेचे मानक लागू झाले एप्रिल 2021 मध्ये. अनेक कुटुंबांच्या सामायिक घरात आजही एका प्रौढाला झोपायला 6.51 चौरस मीटर पुरतात असे कायदा मानतो. गोल्फच्या खोलीत अशा चार खोल्या बसतात. आपल्याकडचे माप हवे असेल तर मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनातले घर घ्या. अख्ख्या कुटुंबासाठी 300 चौरस फूट, म्हणजे 27.88 चौरस मीटर. इंग्लंडात तेवढ्यात एक माणूस एक काठी फिरवतो.

कुणी म्हणेल, सिम्युलेटरने गोल्फ लोकांच्या हाती आणला. त्यात तथ्य आहे. हा खेळ क्लबच्या दारामागे कोंडलेला होता. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत सदस्य गोराच असावा अशी अट 1961 पर्यंत होती. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव केला तो 2014 साली! यंत्र कुणाची जात विचारत नाही, वर्ण विचारत नाही. फक्त बाग विचारते. बाग कुणाकडे असते, हे सांगायला नको.

या कायद्याशी आपला एकदा थेट संबंध आला आहे. लंडनच्या 10, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये शिक्षणासाठी राहिले. 2015 साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि स्मारक केले. राहत्या घराचे संग्रहालय करणे हा 'वापरातला बदल', त्याला परवानगी हवी. काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि आवाजाची तक्रार केली. लंडनला घरांची टंचाई आहे, एक राहते घर कमी होईल, असे म्हणून कॅमडेन कौन्सिलने परवानगी नाकारली. सप्टेंबर 2019 मध्ये सार्वजनिक चौकशी झाली, ब्रिटनमधील आंबेडकरी संघटना पाठीशी उभ्या राहिल्या आणि मार्च 2020 मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. घरे कमी होऊ नयेत ही चिंता खोटी नव्हती. शासनाने आधी परवानगी घेऊन मग दार उघडले असते तर नामुष्की टळली असती, हेही म्हटले पाहिजे. पण ज्या घरात एका विद्यार्थ्याने ग्रंथ वाचले त्याचा प्रश्न मंत्र्याच्या टेबलापर्यंत जातो, आणि परसात चेंडू मारायचा असेल तर साधा अर्जही लागत नाही! मालकाची हौस घरात मुरते, समाजाची स्मृती मात्र वापर बदलते, अशी ही व्याख्या आहे.

त्या चौकशीच्या वेळी आपल्या लोकांनी निवेदने कशी द्यायची, नियोजनाच्या भाषेत कसे बोलायचे, हे शिकून घेतले. ते ज्ञान एका घरापुरते ठेवू नये. इंग्लंडमध्ये प्रत्येक कौन्सिल आपला स्थानिक आराखडा करताना हरकती मागवते. जागेचे राष्ट्रीय मानक आपोआप लागू होत नाही, कौन्सिलने आराखड्यात घेतले तरच ते बंधनकारक होते. वुल्व्हरहॅम्प्टन, बेडफोर्ड, साउथॉल इथे आपली विहारे आहेत, सभा आहेत, वकील आहेत. पुढच्या आराखड्याला हरकत लिहिताना त्यांनी दोन गोष्टी मागाव्यात. मानक लेखी स्वीकारा, आणि शेड रिकामी करण्याआधी आतल्या माणसाला पर्यायी खोली दाखवा.