हिरड्या, मिश्री आणि मेंदू

परवा चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना मित्राचा फॉरवर्ड आला: 'हिरड्या सांभाळा, अल्झायमर टाळा!' इतकं सोपं असतं तर काय हवं होतं!

२०१९ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हिरड्या कुजवणारा जंतू सापडला, हे खरं. पण त्याची घातक एन्झाइम्स रोखणारं औषध २०२१ च्या चाचणीत आपटलं. हिरड्यांची सूज रक्तावाटे मेंदूला झळ पोचवतही असेल, पण दोन एरर एकाच लॉगमध्ये दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी आली असं आपण ऑफिसात तरी म्हणतो का?

आजी जन्मभर मिश्री लावायची. शेवटी मला ओळखेनाशी झाली. मिश्रीवर खापर फोडून मोकळं होता येत नाही.

माझ्या मात्र ब्रशवर रक्त दिसतंय. सहा महिने टाळलेली पिंपरीतल्या डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय. चाकणहून वेळेत पोचलो म्हणजे मिळवली!